खोटे बोललात तर सुई हलेल?

भंडारा जिल्ह्यात तुमसरच्या जवळ, सातपुड्याच्या टेकड्यांत आंबागड नावाचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या राजाखान पठाण नावाच्या सुभेदाराने तो इ. स. १७०० च्या सुमारास बांधला. पुढे तो नागपूरच्या रघूजी भोसल्यांकडे आला आणि त्याचा उपयोग तुरुंग म्हणून होऊ लागला. गडावरच्या विहिरीचे साचलेले, विषारी पाणी येथे कैद्यांना जबरदस्तीने पाजत, असे जुन्या गॅझेटिअरमध्ये नोंदले आहे.

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात अकरावीच्या दहा विद्यार्थ्यांना घेऊन मी या गडावर गेलो होतो. सोबत दोरा, लंबकाचे गोळे आणि प्रयोगशाळेतले एक स्टॉपवॉच होते. गडावर साधा लंबक टांगून गुरुत्वत्वरण काढायचे आणि मग डबे खायचे, असा बेत होता. प्रयोग झाला, डबे झाले, आवराआवर करताना पाहतो तर स्टॉपवॉच नाही! सगळीकडे शोधले. पिशव्या झटकल्या. घड्याळ काही मिळाले नाही.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात मला एक कल्पना सुचली. आज ती आठवली की माझीच मला लाज वाटते. प्रयोगशाळेत सुईचा जुना मल्टीमीटर होता. मी गमतीच्या सुरात म्हटले, "चला, आज आपण खोटे पकडायचे यंत्र करून पाहू." प्रत्येकाने मीटरची दोन टोके दोन हातांच्या बोटांत धरायची आणि मी विचारायचे, "घड्याळ तू घेतलेस का?" नऊ जणांच्या वेळी सुई जेमतेम हलली. दहाव्या मुलाला प्रश्न विचारला आणि सुई झपकन उजवीकडे गेली. वर्गात एकदम शांतता पसरली. तो मुलगा खाली मान घालून उभा होता.

त्याचे पुढे काय झाले, ते शेवटी सांगतो. आधी ती सुई का हलली ते पाहू.

तांदळाची परीक्षा

खरे-खोटे ओळखण्याची धडपड फार जुनी आहे. आपल्या स्मृतिग्रंथांत 'दिव्य' नावाच्या परीक्षा सांगितल्या आहेत. तराजूचे दिव्य, अग्नीचे दिव्य, पाण्याचे दिव्य, विषाचे दिव्य. मराठेशाहीतल्या कागदपत्रांत 'रवा दिव्य' येते. तापलेल्या तेलातुपातून धातूचा तुकडा, म्हणजे रवा, हाताने काढायचा. मग हात बांधून मोहोर लावायची आणि काही दिवसांनी तो उघडून पाहायचा. हात भाजला नसेल तर माणूस खरा! तापलेल्या तेलाला खरे-खोटे कळत नाही, हे तुम्हांला सांगायला नको.

पण यांतले एक दिव्य शरीरशास्त्राच्या दृष्टीने मजेदार आहे. चोरीचा संशय असलेल्या माणसाला कोरडे तांदूळ चावायला देत. चावून थुंकलेल्या तांदळांत रक्त दिसले, किंवा ते कोरडेच राहिले, तर तो चोर अशी समजूत होती. आमचा भंडारा जिल्हा भाताचा. तुमसरच्या बाजारात तांदळाचा दाणा दाताखाली धरून पाहणारे पुष्कळ भेटतील. त्यांचे तोंड काही कोरडे पडत नाही. मग संशयिताचे का पडते? कारण भीती वाटली की लाळ कमी सुटते. परीक्षेच्या दालनात शिरताना जीभ टाळूला चिकटते, हा अनुभव तुम्हांलाही असेल. म्हणजे या परीक्षेत थोडे तथ्य होते. पण ते कशाचे? ती परीक्षा भीती ओळखत होती. निर्दोष माणूस घाबरला तरी त्याचेही तोंड कोरडेच पडणार! ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. आजच्या यंत्राचे मर्मही येथेच आहे.

शरीर गुपित का फोडते?

आपल्या शरीरातली काही कामे आपल्या इच्छेने चालतात. हात उचलायचा तर आपण उचलतो. पण हृदयाचे ठोके, रक्तदाब, घाम, लाळ ही कामे आपल्याला न विचारता चालू असतात. ती स्वायत्त मज्जासंस्था सांभाळते. संकटाची चाहूल लागताच तिचा एक भाग जागा होतो आणि शरीराला लढायला किंवा पळायला सज्ज करतो. छाती धडधडते, रक्तदाब वाढतो, श्वासाची लय बदलते, तळहाताला घाम फुटतो.

माणूस मुद्दाम खोटे बोलतो तेव्हा पकडले जाण्याची धास्ती त्याच्या मनात असते. चेहरा त्याला हसरा ठेवता येतो. पण तळहाताच्या घर्मग्रंथींना 'थांबा' असे सांगता येत नाही. हे बदल एकाच वेळी टिपून कागदावर उतरवले तर? या विचारातून पॉलिग्राफ निघाला. 'पॉली' म्हणजे अनेक आणि 'ग्राफ' म्हणजे लेखन. अनेक आलेख एकदम काढणारे ते यंत्र. 'खोटे पकडणारे यंत्र' हे नाव लोकांनी दिलेले आहे. यंत्राच्या खऱ्या नावात खोट्याचा उल्लेखसुद्धा नाही.

यंत्र कसे जन्मले?

१८९५ च्या सुमारास इटलीच्या लोंब्रोसो या गुन्हेशास्त्रज्ञाने चौकशीच्या वेळी संशयितांच्या नाडीत होणारे बदल मोजून पाहिले. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत विल्यम मार्स्टन याने रक्तदाबावरून खोटे ओळखण्याचा दावा केला. १९२१ साली कॅलिफोर्नियात बर्कलीच्या पोलीसदलात काम करणाऱ्या जॉन लार्सन याने रक्तदाब, नाडी आणि श्वास यांची सलग नोंद करणारे यंत्र तयार केले. लिओनार्ड कीलर याने ते सुटसुटीत केले आणि त्वचेच्या विद्युत्‌वाहकतेची त्यात भर घातली.

गंमत पाहा. याच मार्स्टनने पुढे १९४१ साली 'वंडर वूमन' ही चित्रकथांमधली नायिका निर्माण केली. तिच्या फासात जो सापडेल त्याला खरे बोलावेच लागते! चित्रकथेत ते जमले, न्यायालयात मात्र जमले नाही. १९२३ मध्येच अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने मार्स्टनच्या चाचणीचा पुरावा नाकारला होता. शास्त्रज्ञांत सर्वमान्य न झालेली पद्धत पुरावा म्हणून चालणार नाही, असे त्या न्यायालयाने सांगितले.

चार वाटांनी येणारी माहिती

पॉलिग्राफच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या छातीला आणि पोटाला एकेक पन्हळी रबरी नळी बांधतात. श्वासाबरोबर नळी ताणली जाते, आतल्या हवेचा दाब बदलतो आणि श्वासाचा आलेख मिळतो. दंडाला डॉक्टरांकडे असतो तसा रक्तदाबाचा पट्टा बांधतात. त्यात मध्यम दाबाची हवा भरून ठेवली की प्रत्येक ठोक्याबरोबर होणारे चढउतार कळतात. बोटांना धातूच्या दोन पट्ट्या लावतात, त्या त्वचेची वाहकता मोजतात. पूर्वी हे आलेख सरकत्या कागदावर शाईच्या लेखण्या काढीत. आता ते संगणकाच्या पडद्यावर उमटतात.

यांपैकी त्वचेची वाहकता हा आपल्या पदार्थविज्ञानाचा विषय. कोरडी त्वचा विजेची मंद वाहक आहे. घामात मात्र मीठ विरघळलेले असते आणि मिठाचे पाणी वीज वाहून नेते. घर्मग्रंथीची नळी घामाने भरली की विजेला एक नवी वाट मिळते. अशा शेकडो वाटा एकमेकींना समांतर जोडलेल्या असतात. समांतर जोडणीत वाटा वाढल्या की रोध कमी होतो, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात.

आता आकडे घेऊ. समजा, दोन बोटांमधला रोध १,००,००० ओहम आहे आणि आपण ०.५ व्होल्ट विभवांतर लावले. ओहमच्या नियमाने धारा ५ मायक्रोअँपिअर येईल. मन दचकले, घाम सुटला आणि रोध ८०,००० ओहमवर उतरला. आता धारा ६.२५ मायक्रोअँपिअर होईल. इतकी अल्प धारा माणसाला जाणवतही नाही, पण मापकाला हा फरक सहज दिसतो. प्रश्न विचारल्यानंतर साधारण १ ते ३ सेकंदांत हा बदल दिसू लागतो. आमच्या वर्गात सुई उजवीकडे गेली ती अशी.

म्हणजे यंत्र अगदी खरे बोलते. पण ते एवढेच सांगते, की 'घाम सुटला'. का सुटला, हे ते सांगत नाही. थर्मामीटर ताप किती ते सांगतो, ताप मलेरियाचा की टायफॉइडचा ते त्याला ठाऊक नसते. तसेच हे.

प्रश्नांची खुबी

ही अडचण यंत्र वापरणाऱ्यांनाही माहीत होती. म्हणून त्यांनी प्रश्नांची एक विशिष्ट रचना केली. प्रश्न तीन प्रकारचे असतात. पहिले निरुपद्रवी : "आज सोमवार आहे का?" दुसरे गुन्ह्याविषयी : "पेटीतले पैसे तू घेतलेस का?" तिसरे तुलनेसाठी : "आयुष्यात तू कधी कुणाला फसवले आहेस का?" या तिसऱ्या प्रश्नाला कोणीही थोडासा अडखळणारच. कल्पना अशी, की निर्दोष माणसाला तिसरा प्रश्न अधिक अस्वस्थ करील आणि गुन्हेगाराला दुसरा. दोन्ही वेळच्या आलेखांची तुलना करून परीक्षक निष्कर्ष काढतो.

कल्पना चतुर आहे. पण निर्दोष माणसालाही गुन्ह्याचाच प्रश्न जास्त झोंबू शकतो. "माझ्यावर चोरीचा आळ आला तर घरी काय तोंड दाखवू?" या विचाराने घाम फुटणे अगदी स्वाभाविक आहे. उलट एखादा निगरगट्ट माणूस थंडपणे खोटे बोलतो, किंवा तुलनेच्या प्रश्नाच्या वेळी मनातल्या मनात अवघड गणिते करून अथवा जीभ चावून मुद्दाम आलेख वर चढवतो.

अशी उदाहरणे घडली आहेत. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यातला आल्ड्रिच एम्स रशियाला गुपिते विकत होता. त्या काळात, १९८६ आणि १९९१ मध्ये, तो पॉलिग्राफच्या चाचण्या उत्तीर्ण झाला. १९९४ साली तो पकडला गेला. गॅरी रिजवे हा खुनी १९८४ मध्ये चाचणीतून सुटला. २००१ साली डीएनएच्या पुराव्याने तो सापडला.

थोडे गणित

"चार-दोन चुका होणारच, यंत्र शंभरात नव्वदांना बरोबर ओळखत असेल तर काय वाईट?" असे तुम्ही म्हणाल. कागद-पेन्सिल घ्या आणि माझ्याबरोबर हिशेब करा.

एका शाळेत १०० मुले आहेत आणि त्यांत एकच चोर आहे. समजा, यंत्र ९० टक्के बरोबर आहे. चोर बहुधा पकडला जाईल. पण उरलेल्या ९९ निर्दोष मुलांपैकी १० टक्के, म्हणजे सुमारे १० मुले, यंत्र चोर ठरवील. म्हणजे बोट दाखवलेल्या ११ मुलांमध्ये खरा चोर एकच! '९० टक्के अचूक' यंत्राने ज्याच्याकडे बोट दाखवले, तो चोर असण्याची शक्यता अकरात एक, म्हणजे ९ टक्क्यांच्या आसपास निघाली. दोषी थोडे आणि निर्दोष पुष्कळ असतील तेव्हा असेच होते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ च्या आपल्या अहवालात असाच हिशेब मांडला आहे. १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर आहेत असे धरले आणि त्यांतले ८ पकडता येतील इतकी चाचणी कडक केली, तर त्यांच्याबरोबर १,५९८ प्रामाणिक माणसेही संशयित ठरतात. याच अहवालाने पॉलिग्राफची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली. ठराविक घटनेविषयी प्रश्न विचारले आणि माणसाला फसवण्याच्या युक्त्या शिकवलेल्या नसल्या, तर ही चाचणी नाणे उडवून ठरवण्यापेक्षा बरीच चांगली ठरते. पण ती बिनचूक होण्यापासून फार दूर आहे. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने बहुतेक खाजगी मालकांना नोकरांवर ही चाचणी लादण्याची बंदी आहे.

यापेक्षा चांगली एक पद्धत डेव्हिड लिकेन या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये सुचवली. "तू केलेस का?" असे विचारायचेच नाही, गुन्हेगारालाच ठाऊक असेल ते ओळखते का, एवढे पाहायचे. चोरीला गेलेले पाकीट कोणत्या रंगाचे होते? काळे, तपकिरी, निळे, लाल, हिरवे? निर्दोष माणसाला पाचही रंग सारखेच. नेमक्या रंगाला त्याचा आलेख योगायोगाने सर्वांत वर जाण्याची शक्यता १/५. असे पाच वेगवेगळे प्रश्न विचारले आणि पाचही वेळा तसेच झाले, तर योगायोगाची शक्यता १/५ चा पाचवा घात, म्हणजे ३,१२५ मध्ये १. जपानचे पोलीस या जातीची चाचणी वापरतात. अट एकच, तपशील बाहेर फुटलेला नसावा. वर्तमानपत्रात सारे छापून आले की चाचणीचा उपयोग संपला.

महाराष्ट्रात काय घडले?

आपल्याकडे मुंबईला कालिना येथे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. पॉलिग्राफ आणि तत्सम चाचण्या तेथे होत आल्या आहेत. बनावट मुद्रांक प्रकरणाच्या तपासात या चाचण्यांना आरोपींनी हरकत घेतली, तेव्हा २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या करण्यास परवानगी दिली होती.

घामाऐवजी थेट मेंदूच्या लहरी मोजण्याची पद्धतही आली. डोक्यावर विद्युत्‌अग्रे असलेली टोपी घालायची, वाक्ये ऐकवायची आणि मेंदूने 'हे मी अनुभवले आहे' अशी खूण दिली का ते पाहायचे. २००८ च्या जूनमध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाच्या एका खटल्यात इतर पुराव्यांबरोबर अशा चाचणीचा निष्कर्षही स्वीकारला आणि एका तरुणीला जन्मठेप दिली. जगभरच्या शास्त्रज्ञांचे लक्ष पुण्याकडे वळले. अनेकांनी चिंता व्यक्त केली. पद्धतीची पुरेशी स्वतंत्र तपासणीच झालेली नव्हती. एखाद्या गोष्टीविषयी ऐकलेले, वाचलेले किंवा वारंवार मनात आणलेले आणि प्रत्यक्ष केलेले, यांत टोपी फरक कसा करणार? त्याच वर्षी बंगळूरच्या निमहान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ही पद्धत शास्त्रीय नसल्याचे मत दिले. उच्च न्यायालयाने त्या तरुणीला पुढे जामीन दिला.

अखेर ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्यात निर्णय दिला. पॉलिग्राफ, नार्को आणि मेंदूलहरींची चाचणी, यांपैकी काहीही कोणावर सक्तीने करता येणार नाही. राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही. संमतीने चाचणी झाली तरी तिचा निष्कर्ष हा पुरावा नव्हे. मात्र अशा संमतीच्या चाचणीतून मिळालेल्या धाग्यावरून पुढे एखादी वस्तू सापडली, तर ती पुरावा म्हणून मांडता येते. थोडक्यात, यंत्र वाट सुचवू शकते, निकाल देऊ शकत नाही.

करून पाहा

एक मल्टीमीटर घ्या आणि त्याचा निवडक किलोओहमवर ठेवा. मीटर त्याच्या स्वतःच्या बॅटरीवरच चालवायचा. घरातल्या विजेशी कोणताही संबंध येऊ द्यायचा नाही. दोन स्वच्छ नाण्यांना मीटरची टोके चिकटवा. नाणी एकाच हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टीने बसवा आणि हात टेबलावर स्थिर ठेवा. दोन मिनिटे थांबा, मग वाचन घ्या. आता मागून कोणीतरी टाळी वाजवा. थोड्या वेळाने मित्राला १७ × १४ तोंडी करायला सांगा. मग खोल श्वास घ्यायला लावा. नाण्यावर बोट जोराने दाबून पाहा. प्रत्येक वेळी रोध किती बदलला ते तक्त्यात लिहा.

या चारही वेळा वाचन बदललेले दिसेल, आणि यांत खोटे तर कोणी एकदाही बोललेले नाही! तक्ता वर्गात लावा. मात्र हे साधन कोणावर चोरीचा आळ घेण्यासाठी कधीही वापरू नका. का, ते आता सांगतो.

आमच्या वर्गातला तो मुलगा दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही आला नाही. पोरांनी त्याला नाव ठेवले होते, ते माझ्याही कानांवर आले. चौथ्या दिवशी दुसऱ्या तुकडीच्या प्रयोगासाठी मी लंबकाच्या गोळ्यांची पत्र्याची पेटी उघडली. दोऱ्याच्या रिळाखाली स्टॉपवॉच पडलेले होते. गडावर ते मीच घाईत तेथे ठेवले होते.

मी त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांसमोर झाले ते सांगितले आणि माफी मागितली. तो म्हणाला, "सर, माझे तळहात नेहमीच ओले असतात. पेनसुद्धा घसरतो. आणि तुम्ही सगळ्यांत शेवटी मला विचारले, तोवर नऊ जणांची सुई हलली नव्हती. माझीच हलणार, अशी भीती वाटत होती." मी जे निरीक्षण करायला हवे होते, ते त्याने केले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी पेटी उघडून दाखवली आणि चूक कोणाची ते सांगितले. मग मीटरची टोके मी माझ्या बोटांत धरली आणि मुलांना म्हटले, "विचारा." मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, घड्याळ तुम्ही घेतले होते का?"

सुई झपकन उजवीकडे गेली.